‘आतल्या शिष्यां’ची फी: ताय चीच्या क्लासमध्ये मला कशी टोपी घातली

चाळिशी ओलांडल्यावर ताय ची (संथ हालचालींची चिनी युद्धकला) किंवा कुंग फू शिकायला येणाऱ्या माणसाला फसवणं फारसं अवघड नसतं. त्याला कुणाशी मारामारी करायची नसते, स्पर्धेत उतरायचं नसतं. त्यामुळे शिकवलेलं खरं की खोटं, हे पारखायची वेळच येत नाही. पाठ मोकळी झाली, झोप नीट लागली की गडी खूश. आमच्या मास्टरांना हे पक्कं ठाऊक होतं.

सुरुवातीला तक्रारीला जागाच नव्हती. सांधे मोकळे करणं, गुडघे किंचित वाकवून एका जागी स्थिर उभं राहणं, वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर सावकाश नेणं, हे सगळं ताय चीत खरोखरच शिकवतात. त्याचा फायदाही होतो. वयस्कर लोकांचा तोल सुधारतो. गुडघ्याच्या संधिवातासाठी तर अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेनं २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ताय चीची ठाम शिफारस केली आहे. मलाही बरं वाटत होतं, आणि पुढची सगळी थापेबाजी त्या बरं वाटण्यावरच उभी राहिली.

मग ‘बाहेरचे शिष्य’ आणि ‘आतले शिष्य’ असं सुरू झालं. बाहेरच्यांना म्हणे नुसता व्यायाम मिळतो. खरी विद्या, म्हणजे डोंगरातल्या एका मठात जपलेला चोवीस हालचालींचा गुप्त फॉर्म (ठरलेल्या क्रमानं करायची हालचालींची मालिका), फक्त आतल्यांना. त्यासाठी वेगळी फी, तीही वर्षभराची एकरकमी आणि रोख. पावती मागितली तर, “गुरुदक्षिणेची पावती असते का हो?” असं हसत हसत विचारायचे. समोरचा ओशाळतो, विषय तिथेच संपतो.

शिष्य करून घेण्याचा सोहळाही झाला. गुडघे टेकून गुरूला चहा द्यायचा आणि लाल पाकिटात पैसे ठेवायचे. ही चिनी परंपरा खरी आहे, कुठेही शोधलं तर सापडते, म्हणून तर शंका येत नाही. पण खऱ्या परंपरेत गुरू आणि शिष्य एकमेकांना बराच काळ पारखतात आणि मग कुठे हा विधी होतो. आमच्याकडे पाकीट आणणारा प्रत्येक जण पात्र ठरला. एक बाई तर आदल्याच आठवड्यात क्लासला लागल्या होत्या.

बदल्यात एक प्रमाणपत्र मिळालं. लाल कव्हर, सोनेरी ड्रॅगन, चिनी शिक्का, आत गुरुपरंपरेचा तक्ता. सगळ्यात वर ताय चीच्या यांग शैलीचे जनक यांग लुचान, खाली त्यांचे नातू यांग चंगफू, त्याखाली आमच्या मास्टरांचे गुरू आणि त्यांच्या नावापुढे ‘१९५२ मध्ये यांग चंगफू यांच्याकडून प्रत्यक्ष दीक्षा’. यांग चंगफू १९३६ मध्ये वारले. आता हे लिहिताना हसू येतं, पण तक्ता हातात पडतो तेव्हा माणूस ड्रॅगन बघतो, सनावळी नाही.

सगळ्यात रंगायचा तो ‘ची’चा, म्हणजे शरीरात वाहते असं मानतात त्या प्राणशक्तीचा, प्रयोग. मास्टर चार हात लांब उभे राहून तळवा पुढे करायचे आणि जुना शिष्य धडपडत मागे जाऊन भिंतीवर आदळायचा. तो नाटक करत होता असंही मला वाटत नाही. इतके महिने रोज तेच बघितल्यावर, सगळे मागे जात असताना आपण एकटे कसे उभे राहणार? मीही मागे गेले आहे. एकदा एक नवीन गृहस्थ जागेवरून हललेच नाहीत. दोन्ही हात खिशात, चेहऱ्यावर प्रामाणिक उत्सुकता. मास्टरांनी पुन्हा जोर लावला, मग म्हणाले, “यांच्या नाड्या बंद आहेत.” ते गृहस्थ पुन्हा काही दिसले नाहीत.

ताय चीत जोडीनं करायचा ‘पुश हँड्स’ नावाचा सराव असतो. त्यात मनगटाला मनगट लावून समोरच्याचं वजन कुठे आहे ते ओळखायचं आणि त्याचा तोल ढळवायचा. हे सगळं स्पर्शातून होतं. हवेतून कुणी ढकललं जात नाही. खुद्द चीनमध्ये २०१७ साली शू श्याओदोंग या एमएमए (मिक्स्ड मार्शल आर्ट्स) लढवय्यानं ताय चीचा मास्टर म्हणवणाऱ्या एकाला काही सेकंदांत लोळवलं, तेव्हा मोठा गदारोळ झाला होता. पुढे २०२० मध्ये, स्वतःला ग्रँडमास्टर वगैरे बिरुदं चिकटवून घेऊ नका, असं चायनीज वुशू असोसिएशनला, म्हणजे तिथल्या युद्धकलांच्या संघटनेला, जाहीरपणे सांगावं लागलं.

बिंग फुटलं ते गुप्त फॉर्ममुळे. व्हिडिओ काढायचा नाही, घरच्यांसमोर करायचं नाही, ‘विद्या फुटते’, अशी सक्त ताकीद होती. एका आतल्या शिष्येच्या भाचीनं तिला सराव करताना पाहिलं आणि म्हणाली, “मावशी, हे तर आम्हाला कॉलेजात शिकवलंय.” रानघोड्याची आयाळ विंचरणं, पांढऱ्या बगळ्याचं पंख पसरणं, माकडाला मागे हटवणं, क्रमसुद्धा तोच. १९५६ मध्ये चीनच्या क्रीडा आयोगानं सामान्य लोकांना पटकन शिकता यावं म्हणून यांग शैलीतून बेतलेला हा २४ हालचालींचा फॉर्म. जगभरच्या बागांमधून तो उघड्यावर करतात. ज्याचे आम्ही वर्षभराचे पैसे मोजले, तो जगातल्या सर्वांत कमी गुप्त फॉर्मांपैकी एक निघाला.

शिवाय तो धड शिकवलाही नव्हता. पायावर पूर्ण वजन असताना गुडघ्यातून पिळ देत वळायला लावायचे. गुडघा दुखतो म्हटलं की, “ची मोकळी होतेय, दुखू द्या.” हे वाचणाऱ्या कुणाला असं कोणी सांगितलं तर त्याच दिवशी क्लास सोडा. गुडघा पावलाच्या दिशेतच राहिला पाहिजे, वळायचं ते कंबर आणि खुब्यातून, एवढं तर पहिल्या आठवड्यातच सांगायला हवं. एका काकांना त्यांनी मधुमेहाच्या गोळ्या हळूहळू बंद करायलाही सुचवलं होतं. काकांच्या मुलीनं वेळीच हाणून पाडलं.

पैसे परत मागितले तेव्हा मास्टर चिडले नाहीत, उलट फार दुःखी झाले. मग व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून मला काढलं आणि उरलेल्यांना सांगितलं की माझं मन अस्थिर आहे. पावती नसल्यामुळे तक्रार करायला हातात काहीच नव्हतं. म्हणून एक सांगते: पैसे महिन्याच्या महिन्याला द्या, ऑनलाइन द्या, आणि व्यवहारात ‘क्लास फी’ असं लिहा. गुरूचे गुरू कोण, कुठे, कोणत्या वर्षी, हे विचारा आणि तारखा जुळवून बघा. भरवशाचा शिक्षक या प्रश्नानं खूश होतो, तासभर बोलतो. ‘ची’चा प्रयोग दाखवलाच, तर स्वतः पुढे व्हा आणि नुसते उभे राहा.

तो क्लास अजून चालू आहे. जागा बदलली, नाव बदललं, आता त्यात ‘शाओलिन’ पण आलंय.