दुरुस्तीच्या टेबलावरचा अ‍ॅनालॉग ऑसिलोस्कोप: एक उन्हाळा आणि एक पावसाळा वापरल्यानंतर

गेल्या होळीच्या सुमारास मी धुळ्यातल्या माझ्या इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीच्या दुकानासाठी २० मेगाहर्ट्झचा, दोन चॅनलचा जुना अ‍ॅनालॉग ऑसिलोस्कोप घेतला. ऑसिलोस्कोप, थोडक्यात स्कोप, म्हणजे व्होल्टेज वेळेनुसार कसे बदलते ते पडद्यावर रेघेने दाखवणारे यंत्र. एका संस्थेने प्रयोगशाळा नवी करताना काढून टाकलेल्या सामानात तो होता आणि नव्या डिजिटल स्कोपच्या निम्म्याहूनही कमी किमतीत मिळाला. माझ्याकडे येणारे काम म्हणजे विहिरीवरच्या मोटारींच्या ऑटो स्टार्टरची कार्डे, इन्व्हर्टर, बॅटरी चार्जर, स्टॅबिलायझर आणि एलईडी ड्रायव्हर. यांतले बहुतेक सिग्नल पुन्हापुन्हा तसेच येत राहतात, आणि अशा सिग्नलसाठी हे यंत्र आजही पूर्ण समर्थ आहे, असे माझे आता ठाम मत झाले आहे. मात्र ते स्वतःहून काहीच ठरवत नाही. डिजिटल स्कोपवर ‘ऑटो सेट’ दाबले की चित्र येते. येथे प्रत्येक नॉब आपण विचार करून लावावा लागतो, आणि म्हणून त्या नॉबचा अर्थ नीट कळल्याशिवाय हे यंत्र घेऊ नये.

कंपनी कोणतीही असली तरी या जातीच्या स्कोपचे पॅनल बहुधा चार भागांत वाचता येते: पडद्याचे नॉब, उभ्या दिशेचे म्हणजे व्होल्टेजचे, आडव्या दिशेचे म्हणजे वेळेचे, आणि ट्रिगरचे, म्हणजे रेघ कधी सुरू व्हावी ते ठरवणारे. पडदा आठ खाने उंच आणि दहा खाने रुंद असतो, आणि मधल्या रेषांवर प्रत्येक खान्याचे पाच लहान भाग केलेले असतात. आतली नळी कॅथोड किरणांची असते; कार्ल फर्डिनांड ब्राउन यांनी १८९७ मध्ये जी नळी केली, तिचेच तत्त्व येथेही आहे. इलेक्ट्रॉनचा झोत दोन जोड्या पट्ट्यांच्या मधून जातो. एक जोडी सिग्नलप्रमाणे त्याला वर-खाली हलवते आणि दुसरी जोडी ठरलेल्या वेगाने डावीकडून उजवीकडे नेते. पडद्यावरची रेघ म्हणजे प्रत्यक्ष सिग्नलनेच वळवलेला झोत असतो, मध्ये नमुने घेऊन आकडे करण्याची कोणतीही पायरी नसते, आणि त्यामुळे चुकीच्या वेगाने नमुने घेतल्यामुळे दिसणारी खोटी लहर येथे उद्भवतच नाही.

इंटेन्सिटी आणि फोकस यांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. प्रकाश जेवढा लागतो तेवढाच ठेवावा, आणि एक्स-वाय मोडमध्ये (जेथे आडवी दिशाही वेळेऐवजी दुसऱ्या सिग्नलने चालते) स्थिर ठिपका तेजस्वी ठेवून टेबलावरून उठू नये, कारण त्या जागचा फॉस्फर, म्हणजे पडद्याचा चमकणारा थर, जळतो आणि तो डाग कायमचा राहतो. ट्रेस रोटेशनचा लहान स्क्रू मात्र अनेकांना ठाऊक नसतो. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे रेघ किंचित तिरपी होते, आणि टेबलाची दिशा बदलली तरी ती पुन्हा थोडी कलते. हा स्क्रू फिरवून ती आडव्या रेषेवर आणता येते.

व्होल्ट्स पर डिव्हिजन या नॉबच्या मधोमध किंवा शेजारी एक लहान व्हेरिएबल नॉब असतो, आणि मोजमापातला सर्वांत मोठा घोटाळा तोच करतो. तो शेवटच्या, ‘कॅल’ लिहिलेल्या जागेवर टिक करून बसलेला नसेल, तर पॅनलवर छापलेला आकडा लागू होत नाही. टाइम पर डिव्हिजनच्या व्हेरिएबल नॉबचेही तसेच आहे. माझ्या दुकानात शिकायला येणाऱ्या मुलांना मी पहिल्या दिवसापासून सांगतो की, खाने मोजण्याआधी तिन्ही व्हेरिएबल नॉबांवर बोट ठेवून खात्री करायची. त्यानंतरचा हिशेब सोपा असतो. आपल्या ५० हर्ट्झच्या पुरवठ्याचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे, म्हणून खान्याला ५ मिलिसेकंद लावले की एक लहर चार खान्यांत बसते आणि पडद्यावर अडीच लहरी दिसतात. २३० व्होल्टच्या पुरवठ्याचे शिखर सुमारे ३२५ व्होल्ट असते आणि शिखर ते तळ अंतर सुमारे ६५० व्होल्ट, हेही लक्षात ठेवावे लागते, कारण मल्टिमीटर एसीवर आरएमएस, म्हणजे परिणामी व्होल्टेज, दाखवतो आणि स्कोप पूर्ण उंची दाखवतो.

एसी-ग्राउंड-डीसी हा तीन जागांचा स्विच छोटा असला तरी फार कामाचा आहे. ग्राउंडवर नेले की रेघ शून्यावर जाते आणि ती हव्या त्या आडव्या रेषेवर बसवता येते. डीसीवर सिग्नल जसा आहे तसा येतो. एसीवर मध्ये एक कपॅसिटर येतो, स्थिर व्होल्टेज अडते आणि त्यावर स्वार झालेली लहान लहर मोठी करून पाहता येते. मात्र हाच कपॅसिटर हळू बदलणाऱ्या चौकोनी लहरीचे माथे कलते करतो, म्हणून कमी फ्रीक्वेन्सीचा आकार तपासताना मी नेहमी डीसीवरच राहतो.

प्रोबचे, म्हणजे सर्किटला टेकवून सिग्नल स्कोपकडे नेणाऱ्या तारेचे, दोन गुणक असतात, एकपट आणि दहापट. दहापट लावला की सर्किटवर भार कमी पडतो आणि पडद्यावरच्या आकड्याला दहाने गुणावे लागते. प्रोब जुळवण्यासाठी पॅनलवर सुमारे १ किलोहर्ट्झची चौकोनी लहर दिलेली असते. तिचा माथा सपाट दिसेपर्यंत प्रोबमधला छोटा ट्रिमर फिरवायचा. कोपरे टोकदार वर आले तर भरपाई जास्त झाली आहे, गोल पडले तर कमी. प्रोब एका चॅनलवरून दुसऱ्यावर नेला तरी ही जुळणी पुन्हा पाहावी.

आता ट्रिगरकडे येतो, कारण या यंत्राचा जीव तेथे आहे. १९४७ मध्ये टेक्ट्रॉनिक्सचा ५११ हा स्कोप बाजारात आला आणि ट्रिगरवर सुरू होणारा स्वीप, म्हणजे झोताची डावीकडून उजवीकडे एक धाव, कारागिरांच्या हाती आला. त्याआधीच्या बहुतेक स्कोपमध्ये आडव्या स्वीपची फ्रीक्वेन्सी हाताने सिग्नलशी जुळवत बसावे लागे आणि चित्र सारखे सरकत राही. ट्रिगर असलेला स्वीप सिग्नल ठरलेल्या पातळीवर, ठरलेल्या दिशेने येईपर्यंत थांबतो आणि मगच धावतो. त्यामुळे प्रत्येक वेळची रेघ आधीच्या रेघेवर तंतोतंत पडते आणि डोळ्यांना चित्र स्थिर दिसते. लेव्हलचा नॉब ती पातळी ठरवतो, स्लोप ही चढण की उतरण ते ठरवतो, आणि सोर्स कोणाकडे पाहायचे ते ठरवतो. पडद्यावर चित्र धावत असेल तर दहांतल्या नऊ वेळा सोर्स चुकीच्या चॅनलवर असतो किंवा लेव्हल लहरीच्या शिखराच्याही वर गेलेली असते, आणि नवशिका माणूस तेव्हा टाइमचा नॉब फिरवत बसतो.

ट्रिगरच्या ऑटो आणि नॉर्मल या दोन मोडांतला फरक वापरूनच अंगवळणी पडतो. ऑटोमध्ये सिग्नल नसला तरी रेघ दिसते, म्हणून सुरुवात तेथून करावी. पण फार हळू येणारा सिग्नल असेल तर ऑटो वाट न पाहता स्वतःच स्वीप सुटा करतो आणि चित्र विस्कटते. अशा वेळी नॉर्मलवर जावे आणि लेव्हल हळू फिरवावी. नॉर्मलमध्ये पडदा काळा राहिला तर यंत्र बिघडलेले नसते, ट्रिगर मिळालेला नसतो. एका स्वीपनंतर पुढचा काही वेळ अडवून ठेवणाऱ्या होल्ड-ऑफचा उपयोग मला इन्व्हर्टरच्या कार्डांवर झाला. तेथे पल्सच्या गटांनी लहर येते आणि गटातल्या कोणत्याही पल्सवर स्वीप सुरू झाल्याने चित्रावर चित्र पडते. होल्ड-ऑफ वाढवून स्वीपला गट संपेपर्यंत अडवले की सगळे जागेवर बसते. वीजपुरवठ्याशी बांधलेल्या प्रत्येक मोजमापासाठी मी सोर्स लाइनवर, म्हणजे पुरवठ्याच्याच लहरीवर, ठेवतो. ट्रायक, म्हणजे एसी चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, लहरीच्या कोणत्या कोनावर सुरू होतो ते पाहायचे असेल तर याहून सरळ मार्ग नाही.

दोन चॅनल एकत्र पाहताना ऑल्टरनेट (एका स्वीपला एक चॅनल, पुढच्याला दुसरा) की चॉप (एकाच स्वीपमध्ये दोन्हींत भराभर अदलाबदल), हा निर्णय वेगावरून घ्यावा. वेगवान स्वीपसाठी ऑल्टरनेट आणि हळूसाठी चॉप, एवढे पुरते. दोन लहरींमधला कोन मोजायचा असेल तर ट्रिगर कायम एकाच चॅनलवर ठेवावा, अन्यथा प्रत्येक रेघ आपापल्या जागी सुरू होते आणि त्यांच्यातले खरे अंतर नाहीसे होते.

एका कामाचे उदाहरण देतो, कारण त्यातून नॉबांचा उपयोग अधिक नीट कळेल. साक्री भागातून एका शेतकऱ्याने मोटारीच्या स्टार्टरचे कार्ड आणले होते. संध्याकाळी व्होल्टेज उतरले की रिले तडतडत असे. मल्टिमीटरवर १२ व्होल्टच्या रेग्युलेटरचे (व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या भागाचे) आउटपुट जवळजवळ बरोबर दिसत होते. स्कोप डीसीवर, खान्याला ५ व्होल्ट आणि ५ मिलिसेकंद, ट्रिगर लाइनवर, असे लावून मी रेग्युलेटरच्या इनपुटवर प्रोब ठेवला. दर १० मिलिसेकंदांनी करवतीच्या दात्यासारखी खोल घसरण होती. एसीचे डीसी करणाऱ्या ब्रिजनंतर १०० हर्ट्झची लहर राहणारच, पण १०० मिलिअँपिअर भारावर ४७० मायक्रोफॅरडचा चांगला कपॅसिटर असेल तर ती फार तर २ व्होल्टच्या आसपास असते. येथे तिचा तळ १४ व्होल्टच्या खाली जात होता, आणि अशा रेग्युलेटरला आउटपुटपेक्षा साधारण २ व्होल्ट जास्त इनपुट लागतो. त्यामुळे आउटपुटमध्येही दर १० मिलिसेकंदांनी एक खाच पडत होती. डीसीवर मल्टिमीटर सरासरी दाखवतो, खाच दाखवत नाही. ते कार्ड आणणारे गृहस्थ शेजारी उभे होते, त्यांनी पडद्याकडे बोट दाखवून “हाई काय शे भाऊ?” असे विचारले, आणि मी त्यांना कपॅसिटर बदलण्याआधीची व नंतरची रेघ दाखवली. पत्र्याच्या पेटीत उन्हात तापून कपॅसिटर वाळतो, हे आमच्या भागातल्या कार्डांचे नेहमीचे दुखणे आहे. ते गिऱ्हाइकाला डोळ्यांनी पाहता आले की दुरुस्तीच्या पैशांवरून वाद होत नाही, आणि कारागीर म्हणून मला हे फार मोलाचे वाटते.

यापुढचा मुद्दा जिवाशी संबंधित आहे. प्रोबची ग्राउंड क्लिप स्कोपच्या धातूच्या अंगाला आणि त्यातून थेट पुरवठ्याच्या अर्थिंगला जोडलेली असते. एसएमपीएसच्या (वेगाने चालू-बंद करून चालणाऱ्या पॉवर सप्लायच्या) थेट पुरवठ्याला जोडलेल्या प्रायमरी बाजूवर, म्हणजे ब्रिजच्या ऋण टोकावर, ती क्लिप लावली की शॉर्ट होतो. फ्यूज उडतो, प्रोब जळतो, कधी माणूसही सापडतो. यावर काही जण स्कोपच्या प्लगमधली अर्थ पिन काढून टाकतात. हे कोणीही करू नये, कारण मग स्कोपचे सगळे धातूचे अंग आणि नॉबांचे स्क्रू जिवंत होऊ शकतात. योग्य मार्ग असा की, तपासायचे कार्ड आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवर (जो कार्डाला पुरवठ्यापासून वेगळे ठेवतो) चालवावे आणि स्कोप अर्थिंगवरच ठेवावा. दुसरा मार्ग म्हणजे पुरेशा व्होल्टेजचे दोन प्रोब दोन बिंदूंवर लावून, क्लिपा मोकळ्या ठेवून, दुसरा चॅनल इन्व्हर्ट (उलटा) करून अ‍ॅड (बेरीज) मोडमध्ये फरक पाहणे. जुन्या वाड्यांत अर्थिंग नावापुरतेच असते, म्हणून दुकानाचे अर्थिंग मी आधी तपासून घेतले.

आता यंत्राच्या मर्यादा. एकदाच घडणारी गोष्ट, उदाहरणार्थ मोटार सुरू होतानाचा झटका, येथे क्षणात दिसून जाते आणि हाती काही राहत नाही. सीरियल डेटाचे बाइट वाचायचे असतील तर डिजिटल स्कोपच घ्यावा. खान्याला ५० मिलिसेकंदांपलीकडे गेले की रेघ न राहता एक चालता ठिपका उरतो. २० मेगाहर्ट्झ या आकड्याचा अर्थही समजून घ्यावा: त्या फ्रीक्वेन्सीला लहरीची उंची खऱ्याच्या सुमारे ७० टक्केच दिसते, आणि सुमारे १७.५ नॅनोसेकंदांपेक्षा जलद चढण यंत्र स्वतःच मंद करून दाखवते. ६५ किलोहर्ट्झच्या आसपास चालणाऱ्या एसएमपीएसच्या गेट पल्ससाठी मात्र एवढे पुरेसे आहे.

धुळ्याच्या मे महिन्यात, तापमान ४४ अंशांवर गेल्यावर, रेघेची जागा दुपारी हळूहळू सरकते. हा दोष नाही, पण मोजण्याआधी शून्य पुन्हा बसवावे लागते. एरवीही यंत्र चालू केल्यावर अर्धा तास तापू द्यावे. वरच्या जाळीवर कागद किंवा कापड ठेवू नये. पावसाळ्यात फिरत्या स्विचचे संपर्क खराब होऊन नॉब फिरवताना रेघ उडू लागली, तेव्हा कॉन्टॅक्ट क्लीनर मारून ते पुष्कळ वेळा फिरवल्यावर त्रास गेला. झाकण उघडणाऱ्याने हे जाणून असावे की नळीला सुमारे २ किलोव्होल्ट लागतात आणि ते यंत्र बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये राहतात.

जुना स्कोप घेताना विक्रेत्याकडे अर्धा तास मागावा आणि यंत्र तापल्यावरच पाहावे. फोकस पूर्ण पडद्यावर सारखा बसतो का, रेघ मंद इंटेन्सिटीवरही स्वच्छ आहे का, बंद पडद्यावर जळल्याचा डाग दिसतो का, हे आधी बघावे, कारण नळी गेली तर बदली मिळणे फार अवघड आहे. मग आपला प्रोब कॅलिब्रेटरला, म्हणजे पॅनलवरच्या त्या चौकोनी लहरीला, लावून दोन्ही चॅनलवर व्होल्ट्सचा प्रत्येक टप्पा फिरवावा, टाइमचे टप्पे फिरवावेत, आणि लेव्हलचा नॉब एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेऊन चौकोनी लहर चढणीवर आणि उतरणीवर दोन्हीकडे धरली जाते का ते तपासावे. स्विच खरखरत असतील तर किंमत कमी करून घ्यावी. ट्रिगर धरत नसेल तर ते यंत्र घेऊ नये.