नागपुरात बर्डीवर 'नवी चिप' म्हणून माझे ९,४०० रुपये गेले

लॅपटॉप २०१३ सालचा. लग्नपत्रिकांचं डिझाइन त्यावरच करते. एप्रिलपासून स्क्रीनवर उभ्या रेषा यायच्या, मग स्क्रीन काळी, पंखा मात्र घोंघावतोय. बर्डीवरच्या एका गल्लीतल्या दुकानात नेला. तपासणीचे ५०० घेतले. "ग्राफिक्सची चिप उडाली हाये मॅडम, नवी टाकून देतो, ६,५००." लग्नसराई, हातात सात ऑर्डरी. मी हो म्हटलं, माझ्या जागी कोणीही म्हटलं असतं.

संध्याकाळी घ्यायला गेले तेव्हा जुनी चिप मागितली. "ते कंपनीला वापस करा लागते न मॅडम." इतक्या जुन्या लॅपटॉपची जळकी चिप कोणती कंपनी परत घेते? तिथेच, काउंटरवर, पैसे हातात असताना हे विचारायला हवं होतं. सुचलं ते घरी आल्यावर. अजून झोपताना ते वाक्य आठवतं आणि संताप होतो.

वॉरंटी ३० दिवसांची. ३४व्या दिवशी रेषा परत. आता म्हणे डिस्प्लेची केबल, २,४००. तेही दिले. नऊ दिवस चालला.

शेवटी भाच्याने उघडला. चिपच्या चारही कोपऱ्यांना कारखान्यातला लाल गोंद जसाच्या तसा, कडेने पिवळा चिकट फ्लक्स, म्हणजे सोल्डरिंग करताना लावतात तो पदार्थ. चिप काढलीच नव्हती, हॉट एअर गनने नुसती भाजली होती. अशी चिप काही आठवडे चालते, वॉरंटी संपायला तेवढे पुरतात. बाहेरचा मॉनिटर लावला तर तिथेही त्याच रेषा, म्हणजे केबलचा संबंधच नव्हता. ही चाचणी दुकानात जायच्या आधी घरीच करा. भाच्याने बायॉसमधून, म्हणजे लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमधून, ती चिप बंद करून लॅपटॉप प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर चालवला. दहा मिनिटं लागली.

पोलीस ठाण्यात गेले, "हे दिवाणी प्रकरण आहे." दोन तास बाकावर बसवून एवढंच. ग्राहक हेल्पलाइनवाल्यांना दुकानाचा जीएसटी नंबर हवा, माझ्या बिलावर फक्त 'लॅपटॉप रिपेअर'. आठवडाभराने तक्रार बंद, कारण दुकानदाराने उत्तर दिलं नाही! उत्तर त्याने द्यायचं नाही आणि तक्रार माझी बंद? एका बाबूने तर वकील लागेल म्हणून घाबरवलं. लागत नाही. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली ग्राहक आयोगात स्वतः बाजू मांडता येते, आपण मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही, तक्रार करायची मुदत दोन वर्षांची.

बिलावर चिपचा नंबर लिहून घ्या. देण्याआधी आतल्या बोर्डाचा फोटो काढा. माझ्याकडे तो नाही, म्हणून अर्जाला आता गोंदाचाच फोटो जोडते आहे.