घराण्याचे फॅमिली ऑफिस की गावातली स्वतःची प्रॅक्टिस? कोकणातल्या तरुण सीएसाठी तुलनात्मक आढावा

सीए होऊन दोन-चार वर्षे झालेल्या कोकणातल्या मुलामुलींना अलीकडे एका वेगळ्या नोकरीची विचारणा होऊ लागली आहे. मुंबईच्या धनाढ्य घराण्यांची अलिबाग, मुरुड, दापोली या पट्ट्यात घरे आणि बागा आहेत. भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो (गाड्यांसह प्रवासी नेणाऱ्या बोटीची) सेवा २०२० मध्ये सुरू झाली, जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला, आणि या मंडळींचे इथले येणे-जाणे सोपे झाले. अशी घराणी आपली संपत्ती सांभाळायला स्वतःचे लहानसे कार्यालय ठेवतात, ज्याला फॅमिली ऑफिस म्हणतात. तिथे गुंतवणुकीची जाण असलेला आणि सातबाराही वाचता येणारा माणूस हवा असतो. दुसरा मार्ग जुनाच आहे, तो म्हणजे रत्नागिरी, चिपळूण किंवा कणकवलीत स्वतःची पाटी लावणे.

कामाच्या आवाक्यात फॅमिली ऑफिस उजवे ठरते, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. एकाच आठवड्यात तुम्ही खासगी ट्रस्टच्या दस्ताचा मसुदा वाचता, किमान १ कोटी रुपये घालावे लागणाऱ्या पर्यायी गुंतवणूक निधीचा (मोठ्या गुंतवणूकदारांकडून खासगीरीत्या पैसा गोळा करणाऱ्या निधीचा) प्रस्ताव तपासता, परदेशात शिकणाऱ्या नातवासाठी पाठवलेली रक्कम माणशी वार्षिक २,५०,००० डॉलरच्या मर्यादेत बसते का ते पाहता, आणि भरतीरेषेपासून ५०० मीटरच्या आत येणाऱ्या बंगल्याच्या दुरुस्तीला सीआरझेडची, म्हणजे किनारपट्टीवरील बांधकामाच्या नियमांची, कोणती अट लागते हे वास्तुविशारदाला विचारता. त्याच टेबलावर माळ्याचा पगार, जनरेटरचे डिझेल, घरपट्टीची पावती आणि एप्रिलमध्ये कोणाकोणाकडे हापूसच्या पेट्या जायच्या त्याची यादीही येते. ही यादी काहींना कमीपणाची वाटते. मला ती तशी वाटत नाही, कारण कोणाकडची पेटी यंदा बंद झाली यावरून घरातले संबंध कळतात, आणि ते कळल्याशिवाय या घराण्यांना सल्ला देता येत नाही.

प्रॅक्टिसमध्ये विषय कमी असतात, पण माणसे पुष्कळ भेटतात. बागायतदार, बोटमालक, काजू कारखानदार, होम-स्टेवाले, पतसंस्था हे सगळे अशील असतात, आणि त्यांतला एक गेला तरी दुकान बंद पडत नाही. वसुली मात्र संथ असते. बागायतदाराची फी बहुधा आंब्याचा हंगाम उरकल्यावरच हातात पडते. शिवाय कर लेखापरीक्षणाची ३० सप्टेंबरची मुदत गणपतीच्या आगेमागे येते, म्हणजे घरी आरती चालू असताना तुम्ही पोर्टल उघडून बसलेले असता. फॅमिली ऑफिसात पगार पहिल्या तारखेला होतो, पण गणपतीची सुट्टी मिळेल की नाही हे मालकांचे कुटुंब त्या दिवसांत बंगल्यावर येणार आहे की नाही, यावर ठरते.

पूर्णवेळ नोकरीत असलेल्या सीएला लेखापरीक्षण अहवालावर सही करता येत नाही, हा फरक सुरुवातीला क्षुल्लक वाटतो. परंतु पाच-सहा वर्षांनी नोकरी सोडून पाटी लावली, तर बँक शाखांच्या लेखापरीक्षणाच्या यादीसाठी फर्मचे वय तिथून मोजले जाते, आणि दरम्यान गावातले अशील दुसऱ्याकडे स्थिरावलेले असतात. उलट दिशेचा प्रवास सोपा आहे: चार-पाच वर्षे प्रॅक्टिस केलेल्या माणसाला फॅमिली ऑफिस आनंदाने घेते, कारण त्याने तलाठी कार्यालय, दुय्यम निबंधक आणि आयकर अधिकारी हे तिन्ही पाहिलेले असतात.

सर्वांत जपण्याची गोष्ट कोकणातल्या उमेदवारालाच अधिक लागू होते. महाराष्ट्रात १९४८ च्या कूळ कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्या व्यक्तीला परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. तुमच्या आजोबांच्या नावाची चार गुंठे जमीन वारसाने तुमच्या नावावर आली असेल, तर तुम्ही कायद्याने शेतकरी असता, आणि तुम्हाला नोकरी देणारा मालक बहुधा शेतकरी नसतो. मग एखाद्या दिवशी अगदी प्रेमाने सांगितले जाते, ‘कागदोपत्री तुझ्या नावावर घेऊ, पैसे आमचे.’ हा बेनामी व्यवहार आहे. १९८८ चा कायदा २०१६ मध्ये कडक झाला. त्यात एक ते सात वर्षे सक्तमजुरी आणि बाजारमूल्याच्या २५ टक्क्यांपर्यंत दंड आहे, आणि ज्याच्या नावावर जमीन घेतली तोही त्यातून सुटत नाही. मालक कितीही भला असो, इथे नाही म्हणावे, आणि म्हणता येणार नसेल तर त्या घरात नोकरीच धरू नये. घराण्याच्या कंपन्यांत संचालक म्हणून नाव घालण्याची विनंतीही अशाच काळजीने तपासावी.

भविष्य निर्वाह निधीचा कायदा सर्वसाधारणपणे २० किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेला, तर ग्रॅच्युइटीचा १० किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेला लागू होतो. सहा-सात माणसांचे कार्यालय स्वतंत्र घटक म्हणून चालत असेल, तर ते या दोन्हींच्या बाहेर राहू शकते. म्हणून नेमणूक घराण्याच्या मोठ्या कंपनीच्या पटावर आहे की वेगळ्या एलएलपीत (मर्यादित दायित्वाच्या भागीदारी संस्थेत), हे पगाराच्या आकड्याआधी विचारावे.

थोरल्यांच्या पश्चात वाटणी झाली की कर्मचारी ‘कोणाचा माणूस’ हे ठरवले जाते, आणि वीस वर्षांचा विश्वास एका भावाच्या खात्यात जमा होऊन दुसऱ्याच्या खात्यात संशय म्हणून नोंदला जातो. प्रॅक्टिसमध्येही भाऊबंदकी पाहावी लागते, पण ती अशिलाची असते; त्यात तुमची चूल अडकत नाही.

माझे मत स्पष्ट आहे. घरी कर्ज नसेल आणि दोन-तीन वर्षे कमी उत्पन्नावर निभावता येत असेल, तर आधी प्रॅक्टिस करावी आणि फॅमिली ऑफिसचा विचार पस्तिशीच्या आसपास करावा. घरची निकड असेल तर आताच नोकरी घेण्यात काहीही वावगे नाही. मात्र रुजू होण्याआधी नेमणूकपत्रात चार बाबी लिहून घ्याव्यात: आदेश कुटुंबातल्या कोणत्या एका व्यक्तीकडून येतील, त्या व्यक्तीच्या निधनानंतर किंवा वाटणीनंतर किती महिन्यांची नोटीस मिळेल, कामाच्या ओघात अंगावर आलेल्या कायदेशीर खर्चाची भरपाई कोण करेल, आणि उमेदवाराच्या नावावर कोणतीही मिळकत घेतली जाणार नाही.