अब्रुनुकसानी: दिवाणी दावा की फौजदारी फिर्याद?

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी लिहिलं, ‘सेक्रेटरीने देखभालीचे पैसे खाल्ले.’ सेक्रेटरी तुम्हीच असाल तर आधी तारीख बघा. भरपाईच्या दिवाणी दाव्याला मुदत एक वर्ष, फौजदारी फिर्यादीला तीन. वर्ष उलटलं असेल तर निवड झालीच.

फौजदारी स्वस्त पडते. गुन्हा अदखलपात्र, त्यामुळे पोलीस ठाण्यात न जाता फिर्याद थेट न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे. न्याय संहितेच्या कलम 356 खाली दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा समाजसेवा. पण आरोप निःसंशय सिद्ध करावा लागतो, आणि आरोपीला स्वतःविरुद्ध बोलायला भाग पाडता येत नाही. दिवाणीत कोर्ट फी मागितलेल्या रकमेप्रमाणे चढते. पुराव्याचं पारडं तुमच्या बाजूला झुकलं तरी भागतं. शिवाय समोरच्याकडची कागदपत्रं कोर्टामार्फत मागवता येतात. एक धोका मात्र आहे: दिवाणीत मजकूर खरा ठरला की दावा संपला. फौजदारीत ‘खरं आहे’ एवढं पुरत नाही, ते लोकहितासाठी लिहिलं हेही आरोपीला दाखवावं लागतं.

स्क्रीनशॉटचं दुखणं दोन्हीकडे तेच. जालन्याच्या निवडणूक वादातल्या अर्जुन खोतकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये सांगितलं, की मूळ उपकरण हजर केलं नाही तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र हवंच. आता ते साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खाली, दोन भागांत: एक फोन बाळगणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, हॅश व्हॅल्यूसह (म्हणजे फाइलचा डिजिटल ठसा). नुसती प्रिंट जोडून दाखल केलेली प्रकरणं उलटतपासणीत लंगडी पडतात. फोन बदलायचा विचार असेल तर थांबा.

वकिलाशी झालेल्या बोलण्याचं संरक्षणही दोन्हीकडे सारखंच, पण लोक समजतात तेवढं घट्ट नाही. तुमच्या संमतीशिवाय वकिलाने काही उघड करायचं नाही, हे साक्ष्य अधिनियमाचंच कलम 132. तुम्हाला मात्र कलम 134 लागू: स्वतः साक्षीला उभे राहिलात, तर साक्षीचा उलगडा होण्यापुरतं ते बोलणं कोर्ट सांगायला लावू शकतं. आणि अब्रू गेलेला माणूस पिंजऱ्यात उभा राहिल्याशिवाय केस सहसा उभीच राहत नाही. वकिलाचा सल्ला तुम्हीच ग्रुपवर टाकलात, तर गोपनीय म्हणून सांगायला उरतंच काय?

माझं मत दिवाणीकडे झुकतं, हिशेबाच्या वह्या समोरच्याच्या ताब्यात असतील तेव्हा तर नक्कीच. फक्त हिशेब स्वच्छ असल्याची आधी खात्री करा.