घरी दाबलेल्या हवेची प्रेशरची टाकी: पीव्हीसी, लोखंड, स्टेनलेस की सरळ रेडीमेड?

कुठलं मटेरियल किती बार (दाबाचं एकक) सहन करतं हेच सगळे विचारतात, पण ते फुटलं तर कसं फुटेल हे आधी बघा, निम्मा निर्णय तिथेच होतो.

पीव्हीसी पाइप स्वस्त, करवतीने कापला सोल्युशन लावलं की झालं, आणि वर छापलेला आकडा बघून वाटतं 6 बार हवा आरामात मावेल. पण तो आकडा पाण्याचा आहे राव! पाणी जवळपास दाबलंच जात नाही त्यामुळे तडा गेला की दाब लगेच उतरतो, हवा मात्र दाबलेल्या स्प्रिंगसारखी बसलेली असते आणि पीव्हीसीच्या धारदार चिंध्या करून चौफेर उडवते. त्यात 60 अंशाला त्याची ताकद पाव भागापेक्षाही कमी उरते. हवेसाठी बाद, चर्चाच नको.

माइल्ड स्टील, म्हणजे आपलं साधं लोखंड, आधी फुगतं, मग शक्यतो फाटतं, तुकडे होत नाहीत, वेल्डिंगही सोपं. दुखणं एकच, गंज, तोही आतून. हवेतलं पाणी तळाला साचतं आणि बाहेरचा रंग चकाचक असताना पत्रा खालून पातळ होत जातो, म्हणून तळाला ड्रेन कॉक हवाच. स्टेनलेस गंजत नाही म्हणून लोक निर्धास्त होतात, पण 304 ला (स्टेनलेसचा नेहमीचा ग्रेड) गरम खारं पाणी लागलं तर बारीक तडे जातात. अ‍ॅल्युमिनियम हलकं, पण वेल्डजवळ मऊ पडतं, घरच्या कामाला नकोच.

मटेरियलइतकाच आकार महत्त्वाचा. 30 सेंमी व्यासाच्या सपाट झाकणावर 8 बारला साधारण पावणेसहा टन जोर येतो (हो, टन!), म्हणून कारखान्यातल्या टाक्यांची टोकं फुगीर असतात. आणि गोल अंगावर आडवा, म्हणजे घेराच्या दिशेचा, ताण लांबीच्या ताणाच्या दुप्पट असतो, त्यामुळे लांबीच्या दिशेचा उभा जोड कच्चा राहिला तर टाकी तिथेच उलगडणार.

टेस्ट करायची तर पाणी पूर्ण भरून, आतली हवा काढून, वापराच्या दाबाच्या किमान 1.3 पट. हवेने टेस्ट म्हणजे स्वतःच बॉम्ब भरून शेजारी उभं राहणं.

माझं मत विचाराल तर किती दाब चालेल हे लिहिलेली प्लेट लावलेली रेडीमेड कॉम्प्रेसर टाकी घ्या आणि हौस बाकीच्या फिटिंगवर भागवा. फक्त तिच्यावर नवीन काही वेल्ड करू नका, नाहीतर प्लेटवरच्या आकड्याला अर्थ राहत नाही, आणि सेफ्टी व्हॉल्व्ह (जास्तीचा दाब आपोआप सोडणारा) थेट टाकीवरच बसवा, मधे बंद करायचा कॉक अजिबात नको.