सिंगापूरची बस-मेट्रो: मध्येच उतरा, चाला, पुन्हा चढा

इथलं भाडं अंतरावर ठरतं. बसमधून उतरून ४५ मिनिटांत दुसरी बस किंवा मेट्रो पकडली, तर मीटर पुन्हा शून्यापासून सुरू होत नाही, मागचं अंतर पुढे जोडलं जातं. म्हणून मधले दोन-तीन स्टॉप पायी फिरलं तरी खिशाला चाट बसत नाही. अटी मात्र आहेत: लागोपाठ त्याच नंबरची बस घेतली की भाडं नव्यानं सुरू, आणि सगळा प्रवास दोन तासांत संपवायचा.

लोक फसतात ते कार्डावर. भाडं भरायला चढताना आणि उतरताना यंत्राला बँकेचं किंवा प्रवासाचं कार्ड, नाहीतर फोन टेकवायचा (टॅप करायचा) असतो. चढताना प्लास्टिकचं कार्ड आणि उतरताना फोन टेकवला, तर यंत्राला ती दोन वेगळी माणसं वाटतात. बसमधून उतरताना टॅप विसरलात, तर शेवटच्या स्टॉपपर्यंतचं भाडं कापतात. परदेशी बँकेचं कार्ड वापरल्यास वापराच्या प्रत्येक दिवशी ०.६० सिंगापूर डॉलर जादा. चार-पाच दिवस राहणार असाल, तर बस-मेट्रोच्या स्थानिक प्रवास-कार्डाचा खर्च आधी ताडून बघा.

चालायला लिटिल इंडिया उत्तम. तिथल्या मेट्रो स्टेशनच्या 'सी' दारातून बाहेर पडलं की टेक्का सेंटर हा बाजार. तिथून सेरंगून रोडनं फेरर पार्क स्टेशन साधारण किलोमीटरभर. दुपारी मात्र घामटं निघतं. स्टेशनात पाणी पिऊ नका, दंड ५०० डॉलरपर्यंत.