कपाच्या बुडाची चीर: सुटे गोळे की एकच मोठा गोळा?

चाकावर कप आणि वाट्या बऱ्यापैकी जमू लागल्या की एक निर्णय करावा लागतो. प्रत्येक भांड्यासाठी मातीचा सुटा गोळा तोलून घ्यायचा, की पाच-सहा किलोंचा एकच गोळा चाकावर चढवून त्याच्या माथ्यावरून एकामागून एक भांडी उतरवायची? मी दोन्ही पद्धतींनी काही वर्षे स्टोनवेअरचे, म्हणजे जास्त उष्णतेवर भाजून टणक होणाऱ्या मातीच्या भांड्यांचे, काम केले आहे. वेगापुरते बोलायचे तर मोठ्या गोळ्याला तोड नाही. दर कपाला वरचा मूठभर भाग तेवढा केंद्रात आणावा लागतो, बॅट (चाकावर बसवायच्या सुट्या सपाट चकत्या) बदलाव्या लागत नाहीत आणि हाताला एक लय सापडते.

अडचण आहे ती बुडाची. मोठ्या गोळ्यावरून उतरवलेल्या कपाच्या तळाशी, अगदी मध्यभागी, इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखी वळणदार चीर पडते. जपानमध्ये या पद्धतीची परंपरा मोठी आहे आणि तिथे तळ फाटण्याला ‘सोकोगिरे’ असे स्वतंत्र नावच आहे. त्यामुळे ही केवळ नवशिक्याची चूक नसावी, असे मानायला मी धजावतो. भिंत उचलताना माती दोन्ही हातांच्या बोटांमध्ये दाबली जाते, पण तळाला अंगठ्याने खड्डा पाडण्यापलीकडे फारसा दाब मिळत नाही. मुद्दाम दाबायला जावे, तर मोठ्या गोळ्यात खाली मऊ मातीच असल्याने दाब तिच्यात जिरून जातो. पुढे काठ आणि भिंत आधी सुकून ताठ होतात, फळीला टेकलेला जाड तळ मागे राहतो, आणि त्याची आकसण्याची वेळ येते तेव्हा भोवतीची कडा हलायला तयार नसते. मग तळ मध्यभागी फाटतो, आणि चाकाच्या फिरण्याने मातीला पडलेला पीळ त्या चिरेला वळण देतो.

हे सारे मी कदाचित निभावून नेले असते, पण ही चीर वेळेवर दिसत नाही, या एकाच गोष्टीने मला फार छळले. कच्च्या कपात बहुधा काहीच कळत नाही. आपण बुडाचे ट्रिमिंग करतो, म्हणजे जादा माती तासून काढतो, कान जोडतो, आठवडाभर जपून वाळवतो, पहिली भाजणी करतो, आणि ग्लेझच्या (भाजल्यावर काचेसारखा थर होणाऱ्या द्रावणाच्या) बादलीतून कप बाहेर काढल्यावर तळाशी केसाएवढी ओली रेघ उमटते. कधी तीही उमटत नाही आणि चीर दुसऱ्या भाजणीत तोंड उघडते. एका संध्याकाळी पाहुण्यांपुढे ठेवलेल्या कपाखाली मेजावर चहाचे गोल कडे उमटलेले पाहिले, तेव्हापासून मी भाजलेला प्रत्येक कप टिचकी मारून ऐकू लागलो. बद्द आवाज आला की समजायचे. पण तोवर सगळी मेहनत होऊन गेलेली असते, आणि पातळ माती भरून बुजवलेली चीर माझ्या अनुभवात पुन्हा उघडतेच.

मोठ्या गोळ्याच्या बाजूने बोलणारे म्हणतील की गावाकडचा कुंभार असेच काम करतो आणि त्याचे बूड चिरत नाही. ते खरे आहे, पण पुष्कळ ठिकाणी माठाचे बूड चाकावर पुरे होतच नाही. माती जरा आवळल्यावर आतून गुळगुळीत दगड धरून आणि बाहेरून लाकडी थापीने ठोकून ते वाढवतात, म्हणजे सर्वांत जास्त दाब तळालाच मिळतो. पणती तर इतकी लहान आणि पातळ असते की ती सगळीकडून सारखीच सुकते. आपला जाड बुडाचा कप या दोहोंच्या मध्ये अडकतो. त्यावर उपाय नाहीत असे नाही: खड्डा पाडण्यापूर्वी माथा तळहाताने दाबावा, तळावरून बोट मध्यापासून कडेकडे आणि परत असे दोन-तीनदा फिरवावे, पाणी स्पंजने टिपावे, कापलेले बूड आवळल्यावर अंगठ्याने ठोकावे. मी हे सारे केले तेव्हा चिरा पुष्कळ कमी झाल्या, पण एखाद्या कपाला घाईत बोट फिरवायचे राहिले की तोच नेमका पुढे दगा देई, आणि तो कोणता हे सांगता येत नसे.

सुट्या गोळ्याखाली बॅटचा टणक पृष्ठभाग असतो. लाकडी पट्टीने तळ दोनदा दाबला की दाब खरोखर मातीत बसतो आणि बुडाची जाडीही सुईने मोजता येते. मोठ्या गोळ्यावर बूड नेमके कुठे संपते हे कापेपर्यंत अंदाजानेच ठरवावे लागते. गोळे तोलायला वेळ जातो आणि बॅटचा ढीग जागा अडवतो, हे मान्य आहे. काठ जरा घट्ट झाला की कप उपडा करून ठेवणे मात्र दोन्ही पद्धतींत आवश्यकच आहे. माती मळताना पडलेल्या पिळाची दिशा बदलून चीर टळते असेही म्हणतात. मला त्यात फरक जाणवला नाही, पण माझा हातच तेवढा सूक्ष्म नसेल.

ज्यांना रोज शंभर वाट्या उतरवायच्या आहेत आणि ज्यांचे बोट सवयीने तळावरून फिरतेच, त्यांनी माझे ऐकण्याचे कारण नाही. आठवड्याला वीस-पंचवीस कप करणाऱ्याने मात्र निदान दोन भट्ट्या सुट्या गोळ्यांवर काढून पाहाव्यात. मी स्वतः मोठा गोळा आता फक्त झाकणांसाठी चढवतो, कारण झाकणाच्या मध्यावर पकडायची मूठ येते आणि त्यातून चहा गळत नाही.